बाळाच्या हृदयाला छिद्र असतं तेव्हा घरातला नेम

॥ श्री गुरवे नमः ॥



या गुरुवारच्या घरगुती वाचनासाठी आम्हाला आमचा अनुभव लिहायला सांगितलं आहे. आम्ही दोघं देवासला राहतो. मुलीचा जन्म तिच्या आजोळी, धारला झाला. आता तिला पाचवं वर्ष लागलंय. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण गेल्या दोन महिन्यांत आपल्या गटातल्या दोन घरांतून आम्हाला फोन आले. दोन्हीकडे लहान बाळ, दोन्हीकडे इको झालेला, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता: "आमच्याकडून काय चुकलं असेल?" म्हणून लिहितो आहोत. घरात सगळ्यांनी मिळून वाचावं, विशेषतः आजी-आजोबांनी.

मुलगी जन्मली तेव्हा सगळं ठीक होतं. वजन २ किलो ८०० ग्रॅम, रडणं खणखणीत. बारसं व्हायचं होतं, सव्वा महिना संपत आला होता. मे महिना, धारचा उन्हाळा. बाळ दूध प्यायला लागलं की कपाळावर घाम यायचा, डोक्याखालचं फडकं ओलं व्हायचं. आम्ही म्हणायचो, मोठ्यांना घाम येतो तर बाळाला नाही येणार? चार-पाच घोट प्यायची, थांबायची, धापा टाकायची, तशीच झोपायची आणि पंधरा मिनिटांत पुन्हा भुकेने रडायची. आजी म्हणाल्या नजर लागली असेल. मीठ-मोहरी उतरवून झाली. एका दवाखान्यात सर्दीचं औषध मिळालं. पाच आठवड्यांनी वजन केलं तर ३ किलो १००. पाच आठवड्यांत फक्त ३०० ग्रॅम. निरोगी तान्हं बाळ पहिल्या महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं, म्हणजे आमचं गणित कुठेच बसत नव्हतं. पण हे गणित तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं.

लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी छातीला नळी लावली आणि जरा जास्तच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, आवाज येतोय, इंदूरला इको करून घ्या. धारहून इंदूर साठेक किलोमीटर. त्या रस्त्यात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

इकोत निघालं ते असं: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. याला डॉक्टर व्हीएसडी म्हणतात. आपल्याकडे शेत असलेल्यांना हे पटकन कळेल. पाटाला मध्येच भगदाड पडलं की पाणी ज्या वावराकडे जायला हवं तिकडे कमी जातं आणि खालच्या वावरात तुंबतं. डाव्या कप्प्यात दाब जास्त, म्हणून शरीराकडे जायचं रक्त छिद्रातून उजवीकडे येतं आणि तिथून पुन्हा फुप्फुसांत शिरतं. फुप्फुसं रक्ताने जड होतात, बाळाला श्वासाला कष्ट पडतात. दूध पिणं हा तान्ह्या बाळाचा सगळ्यात मोठा व्यायाम. आपल्याला जिना चढताना दम लागतो तसा त्याला दूध पिताना लागतो.

मग जन्मतः का कळलं नाही? हा प्रश्न आम्ही रागाने विचारला होता. उत्तर असं की जन्माच्या वेळी फुप्फुसांतला दाबही जास्तच असतो, त्यामुळे रक्त फारसं तिकडे वळत नाही आणि आवाजही येत नाही. पुढच्या चार-सहा आठवड्यांत तो दाब उतरतो तेव्हा त्रास सुरू होतो. म्हणजे नेमका आपला सव्वा महिन्याचा काळ. घरात बाळंतीण, पाहुण्यांना बंदी, बाळाला बाहेर काढायचं नाही. त्याच दिवसांत बाळ थकत असतं आणि बघणारे डोळे फक्त घरचे असतात.

*आमच्याकडून काय चुकलं?*

इको झाला त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. ग्रहणात सुरी हातात घेतली होती का? संध्याकाळी उंबऱ्यावर बसली होती का? कुलदेवीचा कुळाचार राहिला होता का? सगळे प्रश्न बाळाच्या आईला. वडिलांना कुणी एकही प्रश्न विचारला नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो आहोत.

खरी गोष्ट ही की बाळाचं हृदय गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेलेत हे नीट कळलेलंही नसतं. त्या घडणीत कुठे एक पडदा पुरा मिळत नाही. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. काही कारणं माहीत आहेत: आईचा मधुमेह ताब्यात नसणं, गरोदरपणी रुबेला होणं, काही औषधं, जवळच्या नात्यातली लग्नं, डाऊन सिंड्रोमसारखी गुणसूत्रांची बाब. पण बहुतेक घरांत बोट दाखवावं असं एक कारण सापडतच नाही. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत वर्षाला किती बाळं जन्मतात याचा अंदाज घ्या, म्हणजे ही "आमच्याच घरी" आलेली गोष्ट नाही हे कळेल.

आमच्या घरी एका वडीलधाऱ्यांनी, पाठीमागे का होईना, "मुलीसाठी एवढं?" असंही म्हटलं. त्यावर आम्ही काही बोललो नाही. धारच्या आजींनीच त्यांना एका वाक्यात गप्प केलं. ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.

*नेम कशाचा*

देवासच्या आपल्या केंद्रात एक काकू येतात. त्या निवृत्त नर्स. आम्ही धारहून देवासला आलो तेव्हा त्या घरी आल्या, बाळाकडे बघितलं आणि विचारलं, "वही केलीत का?" आम्हाला वाटलं नामजपाच्या वहीबद्दल विचारताहेत. त्या वजनाच्या वहीबद्दल विचारत होत्या.

ती वही आजही आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. तिच्यात रोज लिहायचं ते इतकंच: किती वेळा दूध, प्रत्येक वेळी किती, औषध किती वाजता, झोपेत श्वास मिनिटाला किती, आणि दर तीन दिवसांनी वजन. श्वास मोजायचा तो बाळ शांत झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त आणि दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त श्वास असतील तर ते जलद मानतात. आमच्या मुलीचे औषध सुरू होण्याआधी ७० च्या वर असायचे. वहीतले आकडे बघून डॉक्टर औषध बदलायचे. "बरी वाटते" किंवा "जरा मलूल आहे" यावरून त्यांना काही ठरवता येत नव्हतं.

दुधाचं सांगतो, कारण खरी लढाई तीच. बाळ थकून झोपतं म्हणून पोट भरलं असं समजू नका. आम्ही दर दोन तासांनी पाजायचो. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ओढायला लावायचं नाही, त्यात ते मिळवतं त्यापेक्षा जास्त खर्च करतं. उरलेलं आईचंच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. डोकं उंच, घाई नाही, मध्ये थांबून खांद्यावर. रात्री दोनची पाळी बाबांची, पहाटे चारची आजीची. बाळाच्या आईला सलग चार तास झोप मिळाली तर दूध टिकतं, हेही काकूंनीच शिकवलं. पुढे डॉक्टरांनी दुधात काय आणि किती घालून उष्मांक वाढवायचे ते सांगितलं. ते ज्याच्या त्याच्या बाळाप्रमाणे ठरतं, आमचं प्रमाण उचलू नका.

औषध दोन होती. त्यातलं एक लघवी वाढवून फुप्फुसांवरचा भार कमी करणारं. मात्रा मिलीच्या अंशात, म्हणून सिरिंजवर पेनाने रेघ मारून घेतली. चमच्याने अंदाजे कधीच दिलं नाही. औषध दिल्यावर उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा द्यायचं नाही, फोन करून विचारायचं. जुलाब लागले तरी फोन. आणि बाळ हसायला लागलं म्हणून औषध बंद करायचं नाही. ही चूक आम्ही तीन दिवस केली होती. चौथ्या दिवशी श्वास पुन्हा ७० वर गेले.

बाळगुटी बंद. मध तर कुठल्याच बाळाला एक वर्षाच्या आत नको. अंगारा कपाळाला लावायचा, तोंडात नाही. तीर्थ आजी बोटाने कपाळाला लावायच्या आणि स्वतः घ्यायच्या. धूप, उदबत्ती दुसऱ्या खोलीत. आरती व्हायची, पण घंटा बाळाच्या झोपेनंतर. या गोष्टींवर घरात थोडी कुरबुर झाली, नाही असं नाही. पण गुरूंच्या घरी वेळ पाळणं हीच मोठी उपासना मानतात ना? मग दोन वाजताचं औषध दोन वाजता देणं हा त्या वर्षीचा आमचा नेम झाला. पारायण राहिलं. ते पुढच्या वर्षी केलं.

*तारीख*

ऑपरेशनची तारीख आली ती पितृपक्षात. मुलगी पाच महिन्यांची, वजन कसंबसं पाच किलो. घरात एकच सूर: पंधरा दिवस थांबा, नवरात्र लागू दे. आम्हीही डळमळलो. खोटं कशाला बोला, आम्हाला स्वतःलाच थांबायचं होतं. भीती होती, आणि पितृपक्ष हे बरं निमित्त होतं.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थांबलं तर काय होतं ते डॉक्टरांना विचारलंत का?" नव्हतं विचारलं. विचारल्यावर जे कळलं ते प्रत्येक घराने समजून घ्यावं. मोठ्या छिद्रातून फुप्फुसांत जास्त दाबाने रक्त जात राहिलं की तिथल्या बारीक नळ्या हळूहळू जाड आणि कडक होतात. एका मर्यादेपुढे ते मागे फिरत नाही. मग प्रवाह उलटा होतो, बाळ निळं पडू लागतं, आणि तेव्हा छिद्र बंद करता येत नाही, केलं तर जिवाला धोका. म्हणजे जे ऑपरेशन सहाव्या महिन्यात सरळ असतं, ते काही वर्षांनी कुणीच करू शकत नाही. पंधरा दिवसांनी हे होतं असं नाही. पण तारीख सोडली की पुढची पंधरा दिवसांतच मिळेल याची खात्री नव्हती, आणि मधे न्यूमोनिया झाला तर आणखी लांबणार होतं. या बाळांना तो पटकन होतो.

लहान छिद्रांची गोष्ट वेगळी, हेही सांगायला हवं. पुष्कळ लहान छिद्रं आपोआप बंद होतात, नुसतं तपासत राहावं लागतं. नेमकी हीच ऐकीव गोष्ट मोठ्या छिद्राच्या घरात घात करते. "अमक्याच्या मुलाचं आपोआप भरलं, नवस केला होता." त्याचं छिद्र किती मिलिमीटरचं होतं ते विचारा.

आम्ही पितृपक्षातच गेलो. सर्वपित्री अमावास्येला मुलगी अतिदक्षता विभागात होती. धारच्या आजोबांनी घरी पान वाढलं आणि पूर्वजांपुढे तिचंच नाव घेतलं. आता कुणी विचारलं तर ते म्हणतात, पितर काही परके आहेत का.

ऑपरेशनच्या चार-पाच तासांत आम्हाला बाहेर बसून एक गोष्ट कळली, ती तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी सांगितली. आज हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरवतात. १९५४ साली लहान मुलांसाठी तसं भरवशाचं यंत्र नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी २६ मार्च १९५४ रोजी वर्षभराच्या एका मुलाचं हेच छिद्र बंद केलं. यंत्राच्या जागी त्याचे वडील होते. शेजारच्या टेबलावर बापाला झोपवून त्याच्या रक्तवाहिन्या नळीने मुलाशी जोडल्या. मुलाचं हृदय उघडं असताना बापाचं हृदय दोघांसाठी चालत होतं. छिद्र नीट बंद झालं, पण ते बाळ अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. डॉक्टर थांबले नाहीत, आई-बापही पुढे येत राहिले. अशी ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं वाचून घरी गेली. आमच्या मुलीच्या हृदयावरचा टाका त्या लोकांपासून आलाय.

आमच्या शेजारच्या खाटेवर एक बाळ होतं. त्याची आई दिवसभर पोथी वाचायची, आमच्यापेक्षा कितीतरी निष्ठेने. त्याचा दोष जास्त गुंतागुंतीचा होता. ते गेलं. म्हणून "गुरुकृपेने आमची वाचली" हे वाक्य आम्ही गटात लिहीत नाही. आमची श्रद्धा आहे, रोज नमस्कार करतो, त्या रात्री धीर मिळाला तोही तिथूनच. पण ते वाक्य त्या माउलीच्या कानावर गेलं तर त्याचा अर्थ काय होईल, याचा विचार करा.

देवासच्या लोकांना कुमारजींचं उदाहरण माहीत आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना इथे राहायला आले. पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं. इथली हवा मानवली असं आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच काळात स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं होतं आणि भानुताई रात्रंदिवस शुश्रूषेला होत्या, हे सांगताना आपला आवाज का बसतो कोण जाणे.

*घरी आल्यावर*

छातीचं हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा, नाहीतर कौतुकाने पहिली उचल तशीच होते. ताप, टाक्यातून पाणी, दूध कमी होणं, श्वास वाढणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. लसी डॉक्टर सांगतील त्या वेळेला, चुकवायच्या नाहीत. दात आले की ते स्वच्छ ठेवणं महत्त्वाचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयाला त्रास देऊ शकतात. त्यामुळे प्रसादाचे पेढे खाल्ले की लगेच चूळ, हा आमच्याकडे नियम आहे.

काही बाळांचा दोष दुसऱ्या जातीचा असतो, त्यात ओठ-नखं निळी पडतात. रडताना अचानक फार निळं पडून श्वास जोरात चालू लागला तर बाळाचे गुडघे पोटाशी छातीपर्यंत दुमडून धरावे, शांत करावं आणि तसंच दवाखान्याकडे निघावं. अशा दोषांसाठी जन्मानंतर साधारण २४ तासांनी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजण्याची चिमटी लावून बघतात. आकडा ९५ किंवा वर हवा आणि हात-पायांत ३ पेक्षा जास्त फरक नको. ज्यांच्याकडे बाळंतपण जवळ आलंय त्यांनी ही तपासणी मागून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्यासारखं छिद्र त्यात सापडतंच असं नाही, म्हणून दुधाचा घाम आणि वजन याकडे लक्ष हवंच. दुसऱ्या खेपेला गरोदरपणी १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करावी. एका मुलाला दोष असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, म्हणजे घाबरण्याइतकी नाही पण विसरण्याइतकीही नाही.

पैशांचं. आम्ही दागिने मोडायला निघालो होतो. आधी हे विचारा: जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा कक्ष असतो, लोक त्याला आरबीएसके म्हणतात. २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची व्यवस्था त्यात होते. मध्य प्रदेशात मुलांच्या हृदयासाठी मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पैसे न घेता होतात. दर वेळी इकोचा मूळ कागद, जन्म दाखला, समग्र आयडी आणि आधार यांच्या चार-चार प्रती बरोबर ठेवा. आमचा एक पूर्ण दिवस एका झेरॉक्ससाठी गेला होता.

परिवाराने काय करावं असं फोनवर विचारलं होतं. आमच्यासाठी केंद्रातल्या चार मुलांनी रक्त दिलं. एका घराने इंदूरला अकरा दिवस डबा पोचवला. एक ताई रोज फक्त "वजन किती?" एवढाच निरोप पाठवायच्या. "कशी आहे?" या प्रश्नाला उत्तर देताना रडू यायचं, "वजन किती?" ला आकडा लिहून मोकळं होता यायचं.

मुलीचा पुढचा इको मार्गशीर्षात आहे. वर्षातून एकदा जावं लागतं.

तान्ह्या बाळाचा वजनकाटा आमच्याकडे देवासला आहे, दहा-दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. ज्यांना लागेल त्यांनी गटप्रमुखांना निरोप द्यावा. धारच्या घरांसाठी रविवारी येणाऱ्या कुणाबरोबर पाठवू. सोबत एक कोरी वही आणि रेघ मारलेली सिरिंज कशी दिसते त्याचा फोटोही देऊ. काटा परत करायची घाई नको, बाळाला जितके दिवस लागेल तितके दिवस ठेवावा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥